वाटणीत आलेला हिस्सा : ठेवावा, विकावा की आणखी घ्यावा?
(सभासद शिक्षण – अभ्यासपाठ)



उसाचे बिल जमा झाले, धानाचे चुकारे हाती आले, सोसायटीचे कर्ज फेडले, पोरांची फी भरली, आणि त्यानंतरही चार पैसे उरले, तर ते कोठे ठेवावेत हा प्रश्न आपल्या घरोघरी असतो. पूर्वी उत्तर ठरलेले असे. पतसंस्था, जिल्हा बँक, पोस्ट, नाहीतर सोने. आता घरातला मुलगा किंवा सून नागपूर-पुण्याला नोकरीस असते, मोबाईलवर डीमॅट खाते असते, आणि "बाबा, दहा शेअर घेऊन ठेवले तुमच्या नावाने" असे सहज सांगितले जाते. घेतले ते ठीक. पण एके दिवशी त्या खात्यात न मागितलेल्या, नाव न ऐकलेल्या दुसऱ्याच कंपनीचे दहा भाग येऊन पडतात. मग विचारणा सुरू होते. हे फुकट मिळाले का? विकून टाकावे का? स्वस्त दिसतात, आणखी घ्यावे का?

या पाठात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत. कोणता भाग घ्या आणि कोणता विका, हे सांगणे आमचे काम नाही. हिशेब कसा मांडावा एवढेच आम्ही दाखवू.

वेगळे निघणे म्हणजे काय?

एका मोठ्या कंपनीचा एखादा धंदा तोडून त्याची स्वतंत्र कंपनी करायची आणि तिचे भाग जुन्या भागधारकांनाच त्यांच्या हिश्शाप्रमाणे वाटायचे, याला इंग्रजी धंद्याच्या भाषेत डिमर्जर म्हणतात. मराठीत विलगीकरण म्हणू. आपल्या भाषेत सांगायचे तर भावाभावांची वाटणी. एकत्र कुटुंबाची वीस एकर जमीन होती, तिच्यात धुरा पडला, सातबारे दोन झाले. जमीन वाढली नाही, कमीही झाली नाही. कोणत्या बांधीला तलावाचे पाणी मिळते आणि कोणती वरथेंबी राहिली, ते मात्र आता उघड दिसू लागते.

आपल्या जिल्ह्याने हे अनुभवले आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तुमसरकडील मँगनीजच्या खाणी इकडे राहिल्या, गोंदियाची बाजारपेठ व रेल्वेचे मोठे जंक्शन तिकडे गेले. त्या दिवशी कोणी श्रीमंत झाले नाही आणि कोणी गरीबही झाले नाही. पुढे कोणाचा कारभार कसा चालला, यावर सारे ठरले. कंपनीचेही तसेच असते. म्हणून पहिला धडा हा की वाटणीत आलेला भाग फुकट नसतो. जेवढी किंमत नव्या कंपनीत गेली, साधारण तेवढी जुन्या कंपनीच्या भावातून कमी होते.

अभ्यासासाठी घेतलेले उदाहरण

खाद्यपदार्थांच्या धंद्यातले अलीकडचे आणि मुंबईतच घडलेले उदाहरण म्हणजे हिंदुस्तान युनिलिव्हर. साबण, चहा, कपडे धुण्याची पावडर यांमुळे ही कंपनी आपल्या प्रत्येक गावच्या किराणा दुकानात पोहोचलेली आहे. तिचाच आइस्क्रीमचा धंदा होता. 'क्वालिटी वॉल्स', 'कॉर्नेटो' आणि 'मॅग्नम' ही त्यातली नावे.

नावाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. क्वालिटी हे दिल्लीत १९४० साली उदयास आलेले देशी नाव, तर वॉल्स हे इंग्लंडमधले जुने नाव. १९९० नंतरच्या दशकात ही दोन नावे एकत्र आली. हा धंदा तेव्हा ब्रुक बाँड लिप्टन इंडिया या भगिनी कंपनीकडे होता. १९९६ मध्ये ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली आणि आइस्क्रीमही सोबत आले. म्हणजे विलीनीकरणाने आलेला धंदा तीसेक वर्षांनी विलगीकरणाने बाहेर पडला. धंद्यात एकत्र येणे आणि वेगळे निघणे दोन्ही चालते. त्यामागचे कारण मात्र तपासावे लागते.

घटनाक्रम असा आहे. मार्च २०२४ मध्ये मूळ युनिलिव्हर कंपनीने जगभरचा आइस्क्रीम धंदा वेगळा करण्याचे जाहीर केले. त्यापाठोपाठ भारतीय कंपनीने स्वतंत्र संचालकांची समिती नेमली. जानेवारी २०२५ मध्ये 'क्वालिटी वॉल्स (इंडिया) लिमिटेड' ही नवी कंपनी स्थापन झाली आणि संचालक मंडळाने योजना मंजूर केली. ऑगस्ट २०२५ मध्ये भागधारकांनी मतदान केले, ऑक्टोबरात राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाची मंजुरी मिळाली. १ डिसेंबर २०२५ पासून योजना अंमलात आली. ५ डिसेंबर २०२५ ही नोंदीची तारीख ठरली. त्या दिवशी ज्याच्या नावावर हिंदुस्तान युनिलिव्हरचा एक भाग होता, त्याला क्वालिटी वॉल्सचा एक भाग. एकास एक, सरळ हिशेब.

आता गुंतवणूक म्हणून याची पारख कशी करावी? आम्ही पाच प्रश्न मांडतो. कोणत्याही विलगीकरणाला हेच पाच प्रश्न लावता येतील.

प्रश्न पहिला : वेगळे का काढले?

भाऊ वेगळा निघतो त्याची कारणे दोन प्रकारची असतात. एक तर त्याचा धंदाच निराळा असतो, तो एकत्र राहिला तर दोघांचीही कुचंबणा होते. दुसरे म्हणजे कर्जबाजारी भावाला बाकीचे बाहेर काढतात. कागदावर मात्र दोन्ही वेळा "सर्वांच्या हितासाठी" असेच लिहिलेले असते.

येथे कंपनीने दिलेले कारण असे की आइस्क्रीम विकण्याची रीतच वेगळी आहे. साबणाची पेटी ट्रकमध्ये टाकली, दुकानाच्या फळीवर ठेवली, काम संपले. सहा महिने राहिली तरी बिघडत नाही. आइस्क्रीमला मात्र कारखान्यापासून दुकानापर्यंत अखंड थंडी लागते. शीतगृह वेगळे, गाडी वेगळी आणि दुकानात ठेवलेली शीतपेटी वेगळी, तीही बहुधा कंपनीच्या खर्चाची. वीज गेली की माल पाणी. त्यामुळे साबणाच्या वितरण यंत्रणेचा आइस्क्रीमला फारसा उपयोग होत नाही. हे कारण पटण्यासारखे आहे. भारतात जे झाले ते जगभरच्या निर्णयाचाच भाग होते, हेही लक्षात ठेवावे.

आकारही पाहावा. २०२३-२४ मध्ये या धंद्याची उलाढाल सुमारे १,६०० कोटी रुपये होती, म्हणजे संपूर्ण कंपनीच्या उलाढालीत शंभरातले सुमारे तीन रुपये. मोठ्या घरात तीन पैशाच्या धंद्याकडे वरिष्ठांचे लक्ष किती जाणार? स्वतंत्र झाल्यावर तोच धंदा शंभरातले शंभर होतो. विलगीकरणाचा खरा फायदा झालाच तर तो येथून होतो.

प्रश्न दुसरा : पैसा कसा मिळतो आणि कोठे अडकतो?

हे समजायला साखर कारखान्याच्या सभासदांना परक्याकडे जायला नको. आपला धंदा हंगामी, त्यांचाही हंगामी. आपले गाळप हिवाळ्यात आणि वर्षभर साखर विकत बसायचे. त्यांची विक्री उन्हाळ्यात आणि वर्षभर यंत्रणा थंड ठेवायची. नवतपा कडक तापला तर त्यांची दिवाळी. २०२५ च्या मे महिन्यात मात्र पाऊस महाराष्ट्रात फार लवकर आला, मुंबईत २६ मे रोजीच मोसमी पाऊस दाखल झाला. अशा वर्षी थंड पदार्थांच्या धंद्यांचा ऐन मोसमच धुऊन निघतो. आपल्याकडे ऊस कमी पडला तरी बॉयलरचा आणि पगाराचा खर्च चुकत नाही, तसेच हे.

म्हणून अशा कंपनीचा एका तिमाहीचा नफा पाहून मत बनवू नये. किमान दोन-तीन पूर्ण वर्षांचा हिशेब पाहावा. ताळेबंदात तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली म्हणजे कर्ज किती. वाटणीत जमीन एकाला आणि कर्ज दुसऱ्याला असे तर झाले नाही ना? दुसरी म्हणजे दरवर्षी नव्या शीतपेट्या व यंत्रसामग्रीत किती पैसा घालावा लागतो. नफा कागदावर दिसतो आणि सगळा पुन्हा लोखंडात जातो, असे धंदे पुष्कळ असतात. तिसरी म्हणजे पूर्वी मोठ्या घरातून फुकट मिळणाऱ्या सेवा, जसे हिशेबखाते, संगणक, कायदा विभाग. त्या आता स्वतःच्या पैशाने घ्याव्या लागतात. वेगळी चूल मांडली की मीठ-मिरचीही आपलीच.

कच्च्या मालाचा विचारही हवा. दूध, साखर, खाद्यतेल यांचे भाव वर-खाली झाले की नफा हलतो. आपल्याकडील अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे दुधाच्या स्निग्धाचा असेल तोच पदार्थ आइस्क्रीम. वनस्पती तेल वा चरबी वापरली तर त्याला 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. वेष्टणावरचे बारीक अक्षर ग्राहकाने वाचावे तसे गुंतवणूकदारानेही वाचावे, कारण त्यावरून खर्चाचा आणि स्पर्धेचाही अंदाज येतो. अमूलसारखी सहकारी दूध उत्पादकांची संस्था या बाजारात समोर उभी आहे, हे सहकाराच्या माणसांनी तरी विसरू नये. जमेच्या बाजूला एक गोष्ट मांडता येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीमवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. माल स्वस्त झाला तर खप वाढण्यास वाव आहे. मात्र तो लाभ सर्वच स्पर्धकांना मिळतो, एकट्याला नाही.

प्रश्न तिसरा : मालक कोण आणि त्याचे हित कशात?

सहकारात एक सभासद, एक मत. कोणाचा एक भाग असो वा शंभर, मत एकच. कंपनीत जितके भाग तितकी मते. हा फरक गुंतवणूक करण्याआधी मनात पक्का असावा.

हिंदुस्तान युनिलिव्हरमध्ये परदेशी मूळ कंपनीच्या गटाचा हिस्सा सुमारे ६२ टक्के. एकास एक वाटणी झाल्यामुळे नव्या कंपनीतही तितकाच हिस्सा त्यांच्याकडे गेला. जगभरचा आइस्क्रीम धंदा 'मॅग्नम आइस्क्रीम कंपनी' या नावाने वेगळा होऊन डिसेंबर २०२५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शेअर बाजारात नोंदला गेला. भारतातील हा ६२ टक्के हिस्सा त्या मॅग्नम कंपनीच्या गटाने घेण्याचे ठरले. आपल्याकडील सेबीच्या नियमाप्रमाणे एवढा मोठा हिस्सा कोणी घेतला तर उरलेल्या भागधारकांकडून किमान २६ टक्के भाग घेण्याचा खुला देकार त्याला द्यावा लागतो. लहान भागधारकाला बाहेर पडण्याचे दार म्हणून हा नियम आहे. पण देकाराचा भाव म्हणजे योग्य भाव असे मुळीच नाही. बाजारभाव जास्त असेल तर देकारात भाग देण्यात शहाणपण नाही. भाव कमी असेल तर विचार करावा.

मालक परदेशी आणि ब्रँडही त्याचे असतील तर आणखी एक गोष्ट तपासावी. नाव वापरण्याबद्दल किंवा तांत्रिक ज्ञानाबद्दल भारतीय कंपनी दरवर्षी किती शुल्क भरते? ते विक्रीच्या टक्क्यांत असते, म्हणजे नफा होवो न होवो, द्यावेच लागते. योजनेच्या कागदपत्रांत व वार्षिक अहवालात हे छापलेले असते.

प्रश्न चौथा : भाव स्वस्त की नुसता लहान?

येथेच बहुतेक लोक फसतात. "हिंदुस्तान युनिलिव्हरचा भाग दोन हजारांच्या वर, आणि हा तर चिल्लर रुपयांत! घ्या शंभर." बाप्पा, भाव लहान दिसला म्हणजे माल स्वस्त झाला असे नव्हे. धानाचा भाव पोत्यावर विचारला आणि वजन विचारले नाही, तर त्याला काय अर्थ?

हिशेब मांडू. कंपनीचे एकूण भाग सुमारे २३५ कोटी. समजा भाव ३० रुपये आहे. मग बाजार संपूर्ण कंपनीची किंमत ३० गुणिले २३५ कोटी, म्हणजे ७,०५० कोटी रुपये लावतो आहे. उलाढाल सुमारे १,६०० कोटी धरली तर किंमत उलाढालीच्या सव्वाचार पटीहून जास्त झाली. आता समजा विक्रीच्या शंभर रुपयांत निव्वळ नफा पाच रुपये उरतो. नफा ८० कोटी झाला. म्हणजे आजच्या नफ्याच्या ८८ पट किंमत आपण देतो. नफा दहा रुपये उरला असे धरले तर १६० कोटी, तरी किंमत ४४ पट. उलाढाल दुप्पट होऊन त्यावर दहा टक्के नफा उरला, तर ३२० कोटींवर किंमत २२ पट होते. म्हणजे ३० रुपये भाव देणारा मनुष्य खरे तर अशी पैज लावतो की विक्री दुप्पट होईल आणि नफ्याचे प्रमाणही चांगले राहील. तसे होणारच नाही असे आम्ही म्हणत नाही. पण आपण कशावर पैज लावतो ते तरी ठाऊक असावे. वरचे भाव व नफ्याचे आकडे उदाहरणासाठी आहेत. आपण त्या दिवशीचा भाव व ताजा अहवाल घेऊन हाच गुणाकार करावा.

प्रश्न पाचवा : पहिल्या दिवसांतली घाई कोणाची?

वेगळ्या निघालेल्या कंपनीचा भाव सुरुवातीच्या आठवड्यांत पुष्कळदा पडतो. कारण धंद्यात नसते, विकणाऱ्यांत असते. निर्देशांकाप्रमाणे चालणारे फंड मोठ्या कंपन्याच ठेवतात, त्यांना ही लहान कंपनी काढावीच लागते. कित्येक भागधारक "हे कुठले पाच-दहा भाग" म्हणून विकून मोकळे होतात. बाजारात सगळ्यांनी एकाच दिवशी वांगी आणली की भाव पडतो, वांगी वाईट म्हणून नव्हे.

याचे बाहेरच्या जगातले उदाहरण केलॉग कंपनीचे. तिचा एक कारखाना आपल्याच राज्यात तळोजा येथे आहे. अमेरिकेतील या शंभर वर्षांहून जुन्या कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील न्याहारीच्या धान्याचा धंदा वेगळा काढला. चार भागांमागे नव्या कंपनीचा एक भाग मिळाला. हा धंदा मंद म्हणून ओळखला जाई आणि नव्या भागाचा भाव सुरुवातीच्या आठवड्यांत पडला. दोन वर्षांच्या आत, २०२५ मध्ये, फेरेरो या इटालियन मूळच्या कंपनीने तो धंदा भागाला २३ डॉलर देऊन विकत घेतला. दुसरी, खाऊचे पदार्थ करणारी कंपनी मार्स या उद्योगाने भागाला ८३.५० डॉलर दराने घेतली. घाईने विकणाऱ्यांपेक्षा थांबणाऱ्यांचा लाभ झाला.

पण एका उदाहरणावरून नियम करू नये. गिऱ्हाईक आले म्हणून हा लाभ झाला, आणि गिऱ्हाईक प्रत्येक वेळी येत नाही. भाव पडला म्हणजे उद्या चढेलच असे समजणे हे पाऊस आज नाही म्हणजे उद्या नक्की, असे समजण्यासारखे आहे.

कर आणि कागदपत्रे

विलगीकरणात भाग मिळाले त्या दिवशी आयकर लागत नाही. विकाल तेव्हा लागतो. त्यासाठी मूळ खरेदीची किंमत दोन कंपन्यांत विभागावी लागते, आणि ती बाजारभावाने विभागत नाहीत, तर मालमत्तेच्या पुस्तकी किमतीच्या प्रमाणात विभागतात. हे प्रमाण कंपनी जाहीर करते. समजा दहा भाग २४,००० रुपयांना घेतले होते आणि प्रमाण ९८ ला २ असे जाहीर झाले, तर जुन्या भागांची किंमत २३,५२० आणि नव्यांची ४८० रुपये धरावी. नव्या भागांची मुदत जुन्या खरेदीच्या तारखेपासूनच मोजली जाते. बारा महिन्यांहून जास्त मुदत असेल तर लाभ दीर्घ मुदतीचा होतो. जुलै २०२४ मधील बदलानुसार अशा लाभावर वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंत माफी आणि वरच्या रकमेवर साडेबारा टक्के कर असा नियम झाला. जुनी खरेदीची पावती म्हणून जपून ठेवावी.

भागांचे प्रमाण नेहमी एकास एक नसते. टाटा केमिकल्सचा मीठ-डाळींचा धंदा २०२० मध्ये टाटा ग्लोबल बेव्हरेजेसमध्ये गेला, तेव्हा शंभर भागांमागे ११४ भाग मिळाले. दहा भाग असलेल्याला ११ पूर्णांक ४ दशांश. अशा वेळी अपुऱ्या भागाचे पैसे रोख मिळतात. ते खात्यात आले की नाही हे पाहावे.

आपल्याशी याचा संबंध

सभासद म्हणतील, हे मुंबईवाल्यांचे झाले, आम्हाला काय? संबंध दोन प्रकारचा आहे.

एक तर पैशाचा. कारखान्याचा भाग आणि कंपनीचा भाग या दोन निराळ्या वस्तू आहेत. कारखान्याच्या भागाला बाजारभाव नाही, लाभांशावरही सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्याचे खरे फळ उसाच्या दरात आणि आपला ऊस गाळला जाण्याच्या हक्कात असते. कंपनीच्या भागात चढण्याला मर्यादा नाही, पडण्यालाही नाही. म्हणून बियाण्याचा, खताचा, दवाखान्याचा, लग्नाचा पैसा तेथे घालू नये. पीककर्ज काढून तर मुळीच नाही. पाच वर्षे लागणार नाही असा पैसा असेल, तर त्यातला थोडा, आणि तोही एकाच कंपनीत नाही. मोबाईलवर "खात्रीचा भाव" सांगणाऱ्या अनोळखी माणसाचे ऐकण्यापेक्षा सेबीकडे नोंदलेल्या सल्लागाराला विचारलेले बरे.

दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. साखर कारखान्यांना आसवनी, सहवीजनिर्मिती, इथेनॉल, पाकीटबंद साखर असे जोडधंदे असतात. "हा धंदा वेगळ्या कंपनीत घालू, भांडवल बाहेरून आणू" असा प्रस्ताव कोणत्याही कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत कधीही येऊ शकतो. त्या दिवशी हात वर करण्याआधी वरचे पाचही प्रश्न विचारावेत. वेगळे का काढायचे? कर्ज कोणाकडे राहील आणि कमाई कोणाकडे जाईल? नव्या कंपनीत ऊस उत्पादकाचे मत किती राहील? किंमत कोणी ठरवली? आणि घाई कोणाला आहे? मळी आपल्या उसाची, बगॅस आपल्या उसाचा. त्याची कमाई दुसऱ्या सातबाऱ्यावर गेली, तर उसाच्या दरात ती परत कशी येणार, याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत सभासदाने समाधान मानू नये. कंपनीच्या भागधारकाला विलगीकरणात निदान भाग हातात मिळतो. आपल्याला काय मिळणार, हे आपणच विचारायला हवे.

सरावासाठी प्रश्न

१. एका कंपनीचे ४० कोटी भाग आहेत आणि भाव ५० रुपये आहे. दुसरीचे ५ कोटी भाग असून भाव ३०० रुपये आहे. दोन्हींचा वार्षिक नफा १०० कोटी. स्वस्त कोणती?

२. वीस भाग ३०,००० रुपयांना घेतले. विलगीकरणात ९० ला १० असे प्रमाण जाहीर झाले. नव्या भागांची खरेदी किंमत किती धरावी?

३. आपल्या कारखान्याचा मागील वार्षिक अहवाल काढा. उपपदार्थांपासून मिळालेले उत्पन्न आणि एकूण कर्ज हे दोन आकडे शोधून वहीत लिहा. पुढील सभेला येताना ती वही सोबत आणावी.

उत्तरे : पहिल्या कंपनीची किंमत २,००० कोटी म्हणजे नफ्याच्या २० पट, दुसरीची १,५०० कोटी म्हणजे १५ पट. भाव मोठा दिसला तरी दुसरी स्वस्त. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ३,००० रुपये. तिसऱ्याचे उत्तर प्रत्येक सभासदाने स्वतः शोधायचे आहे.